आर एकटा

कऱ्हाड स्टेशनावर सासूबाईंनी माझ्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि आपल्या मुलाचा कान धरला. खरोखर धरला, डावा, चारचौघांत. लग्न झालेला, टाय लावून कलकत्त्याला नोकरीवर निघालेला माणूस मान तिरकी करून उभा, आणि त्या सांगताहेत, "तिकडे दोघांच्या भांडणात मध्ये पडू नकोस. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले. गाडी हलली तसा कान सुटला. मग सासूबाई खिडकीबरोबर थोडं चालल्या आणि मला म्हणाल्या, "सुमती, याच्यावर लक्ष ठेव."

मध्ये पडणं हा ह्यांचा जन्मजात रोग होता. शाळेत दोन पोरांना सोडवताना पुढचा दात अर्धा तुटला होता. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांची बाचाबाची झाली तर हे पान सोडून उठायचे. एसटी स्टँडवर अनोळखी माणसं एकमेकांची गचांडी धरायची आणि हे त्यांच्यामध्ये शिरलेले असायचे. पुण्याला कॉलेजात असताना ह्यांनी दोन वर्षं बॉक्सिंग केलं होतं. हे सासूबाईंना माहीत नव्हतं. मला होतं, आणि ते पोटात ठेवून मी गाडीत बसले होते.

त्यात माझा स्वभाव. दूध तापत ठेवलं की ते उतू जाणार हे मी धरूनच चालते. कल्याणला गाडी बदलून नागपूरमार्गे जाताना रात्रभर हे घोरत होते आणि मी, ह्यांना तिकडे कोण कोण भांडणारं भेटेल, याचा विचार करत होते.

कलकत्त्यात खिदिरपूरला गोदीजवळच्या एका गल्लीत आम्हाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. हे एका जहाज कंपनीच्या कचेरीत लागले. खाली कमलादी राहायच्या. विधवा बाई, शिवणकाम करायच्या. एकुलता एक मुलगा, बिजय, गोदीत माल उतरवायला जायचा आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आखाड्यात वाळूच्या पोत्याला गुद्दे घालायचा. त्या गुद्द्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मला वाटलं, कुणीतरी गाद्या झोडपतंय.

पहिल्याच दिवशी कमलादी संदेश नावाच्या मिठाईची ताटली घेऊन वर आल्या. आम्ही एकेक घेतला. मग त्यांनी ताटली ह्यांच्यापुढे धरली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आर एकटा?"

मला शब्दच सापडला! एवढ्या परक्या मुलखात, जिथे पाण्याला जल आणि तांदळाला चाल म्हणतात, तिथे ही बाई चक्क मराठी विचारत होती. हे एकटेच राहणार का, असं. मी आनंदाने मराठीतच उत्तर दिलं, "एकटे कुठले? मी आहे ना बरोबर!"

कमलादी ताटली तशीच धरून बघत राहिल्या. मग ह्यांनी मला हळूच सांगितलं, की बंगालीत एकटा म्हणजे एक नग. आणखी एक घ्या, असं त्या म्हणत होत्या. मी लाजून लाल झाले. कमलादींना हिंदीत सगळं समजावून सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना जिन्यावर बसावं लागलं. पुढे कित्येक वर्षं जिन्यात भेटल्या की त्या विचारायच्या, "बोउमा, आर एकटा?" बोउमा म्हणजे सूनबाई. त्या मला पहिल्या दिवसापासून तसंच म्हणायच्या.

त्या आखाड्यापायी माझं लक्ष ठेवणं फसलं. हे कचेरीतून येताना तिथे थांबायला लागले. तिथे हॅरिससाहेब यायचे. म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ, गोदीत नोकरीला, आणि शहरातले जुने, नावाजलेले रेफरी. त्यांनी ह्यांना दोन पोरांचं भांडण सोडवताना पाहिलं. खरं भांडण, सरावाचं नव्हे. आणि विचारलं, हे काम तुम्ही पैसे घेऊन का करत नाही?

घ्या! माझ्या सासूने ज्याची शपथ घातली, त्याचा ह्या माणसाने धंदा केला. दोघांच्या मध्ये पडायचा.

दोनेक वर्षं हॅरिससाहेबांच्या हाताखाली काढल्यावर हे व्यावसायिक लढतींना रेफरी म्हणून उभे राहू लागले. कचेरीची नोकरी होतीच. लढती बहुधा रविवारी दुपारी, हिवाळ्यात जास्त. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा बो टाय. आदल्या दिवशी हे आरशापुढे उभे राहून आवाज मोकळा करायचे. "स्टॉप. ब्रेक. बॉक्स." आमच्या मुलीचे पहिले शब्द आई आणि बाबा असतील असं मला वाटलं होतं. आईनंतर तिने म्हटलं ते ब्रेक. आमचं दोघांचं कशावरून वाजलं की ती मध्ये येऊन ओरडायची, ब्रेक! वळण बापाचंच.

हॅरिससाहेब सांगायचे, म्हणे, की ठोसे बघायला प्रेक्षक असतात, रेफरीने पाय बघायचे. माणूस आधी पायातून जातो. हे घरीसुद्धा लोकांचे पाय बघायला लागले. मी तापाने फणफणले होते तेव्हा कपाळाला हात लावायच्या आधी मला म्हणाले, "चालून दाखव."

मी मात्र बघायची तो शर्ट. लढतीला मी कधी जात नव्हते. घरी बसून देवापुढे वात सारत राहायचे. ते दिवसही तसेच होते, शहरात राजकीय मारामाऱ्या चालायच्या. अचानक दुकानं पटापट बंद व्हायची, कुठेतरी धडाका व्हायचा, आणि गल्लीच्या भिंतीवर रोज नवं काहीतरी रंगवलेलं असायचं. ते मला वाचता यायचं नाही म्हणून जास्तच भीती वाटायची. हे आले की मी आधी शर्ट मागायची. रक्ताचे डाग गार पाण्यात मीठ घालून भिजवावे लागतात, नाहीतर बसतात. हळूहळू मला ते डाग वाचता येऊ लागले. छातीवर आडवे पट्टे असले तर कुणीतरी पडलं होतं. पडलेला उठला की रेफरी त्याचे ग्लव्ह्ज आपल्या शर्टाला पुसतो. खांद्यावर डाग असला तर ह्यांनी कुणाला तरी धरून उभं केलं होतं. कॉलरवर काही असलं तर मी ह्यांचा चेहरा उजेडात धरून तपासायची. कऱ्हाडला पत्र लिहिताना मात्र लिहायची, आम्ही सर्व सुखरूप, रविवारी हे मित्रांकडे जातात.

मग बिजयची लढत ठरली. मद्रासचा एक अँथनी म्हणून तगडा बॉक्सर येणार होता. बिजय जिंकला असता तर मोठ्या लढतीचं दार उघडलं असतं आणि त्याची गोदीतली ओझी सुटली असती. कमलादींच्या शिवणयंत्राचाही आवाज बदलला होता त्या दिवसांत. हॅरिससाहेब रेफरी होते, पण ते आजारी पडले आणि नाव आलं ह्यांचं.

हे नको म्हणाले. आयोजकांना सांगितलं, मी त्याच्याच घराच्या वर राहतो. ते म्हणाले, पाटणकरबाबू, तुम्ही सरळ माणूस आहात हे मद्रासवाल्यांनाही माहीत आहे. दुसरं कोणी मिळत नाही. मी घरी आकाशपाताळ एक केलं. बिजय हरला तर आपण हरवलं म्हणतील, जिंकला तर आपण जिंकवलं म्हणतील. ह्यांनी ऐकून घेतलं आणि आरशापुढे जाऊन उभे राहिले. "स्टॉप. ब्रेक. बॉक्स."

त्या रविवारी कमलादी वर आल्या. नवी कोरी साडी, आणि चेहरा पिठासारखा. म्हणाल्या, बोउमा, मला एकटीला बघवणार नाही, तू चल. मला तर जन्मात बघायचं नव्हतं. पण त्या दारातून हलेनात, मग मुलीला शेजारी ठेवून मी गेले.

गोदीच्या मागच्या मैदानावर दोर बांधलेला चौथरा. भोवती सगळं खिदिरपूर. कौलांवर, भिंतींवर माणसं. कमलादींनी बसल्या बसल्या माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. दोर धरून हे आत गेले. त्या दोन दांडग्या उघड्या पोरांमध्ये माझा नवरा किती किरकोळ दिसत होता! घरात मला तो चांगला धिप्पाड वाटायचा.

सुरुवातीला बिजयचीच सरशी होती. तो सटकत होता, फिरत होता, टिपून मारत होता, आणि प्रत्येक ठोशाला सगळं मैदान एका सुरात ओरडत होतं, "आर एकटा! आर एकटा!" आणखी एक. मला अर्थ माहीत होता. तरी कानावर पडताना तो शब्द मराठीच पडत होता. एकटा, एकटा, असं हजारो माणसं ओरडताहेत, आणि मध्ये पांढऱ्या शर्टातला माझा माणूस.

मग अँथनीचा एक ठोसा बिजयच्या कानशिलावर बसला. बिजय पडला नाही. हसला, आणि हात वर करून पुढे आला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मलाही वाटलं, वाचला बाई. पण मी ह्यांच्याकडे बघत होते, आणि हे बिजयच्या पायांकडे बघत होते. मीही पाय बघितले. डावं पाऊल कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. अंधारात पायरी चाचपावी तसं तो ते टेकवत होता.

अँथनीने पुढच्या ठोशासाठी हात उचलला. आणि हे मध्ये पडले.

रोज आरशापुढे घोकलेला शब्द स्टॉप. पण तोंडातून निघाला तो "बास!" जेवताना पानावर हात आडवा धरून म्हणायचे तसाच, फक्त जिवाच्या आकांताने. अँथनीला बास काय कळणार? त्याचा हात सुटला होता. बिजयसाठी निघालेला ठोसा ह्यांच्या डाव्या कानावर बसला आणि हे आडवे झाले.

क्षणभर कुणालाच काही समजेना. बंगालीत बास म्हणजे रस्त्यावरची बस. कुणीतरी ओरडलं, बास? कोणती बास? आणि हशा पिकला. पण हे उठले, गुडघ्यावर, मग दोर धरून, आणि दोन्ही हात हलवून लढत थांबवल्याची खूण केली. अँथनी जिंकला. तसा तो हशा फिरला. बिजय तर उभा होता! हसत होता! मग थांबवली का? खुर्च्या उडाल्या. बिजय स्वतः ह्यांच्या अंगावर धावून गेला, त्याला चौघांनी धरलं. कमलादींनी माझं मनगट सोडलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि निघून गेल्या. पोलिसांनी आम्हाला मागच्या वाटेने गाडीत घालून घरी सोडलं. वाटेत मी ह्यांना काय काय विचारत होते, आणि हे उत्तर देत नव्हते. रागावलेत असं वाटलं. मग लक्षात आलं, मी डाव्या बाजूला बसले होते.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, ऐकू पूर्वीसारखं येणार नाही.

त्या रात्री शर्टावर एकच डाग होता, कॉलरवर, आणि तो ह्यांचा होता. मी मीठ घातलं, पण धुताना हात चालेना. ज्या कामासाठी मला पाठवलं होतं ते माझ्याकडून झालं नव्हतं.

गल्ली आमची राहिली नाही. पोरं ह्यांना बासबाबू म्हणून चिडवायची. दारावर कुणीतरी डांबर फासलं. त्याहून वाईट म्हणजे खालचं दार. आम्ही जिना उतरलो की ते आतून लागायचं. हॅरिससाहेबांना भेटून हे आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? हे म्हणाले, "ते म्हणाले, थांबवलं ते बरोबर होतं का, हे रेफरीला कधीच कळत नाही. न थांबवलेलं चुकलं तर मात्र सगळ्यांना कळतं." एवढंच म्हणून हे झोपले. मी कुठली झोपतेय! बिजय खरंच ठीक होता की काय, आपण त्याचं नशीब फुकट मोडलं की काय, हे मला खात राहिलं.

मी हट्ट धरला, आपण कऱ्हाडला जाऊ. कायमचं. ह्यांनी रजा काढली, म्हणाले, आधी जाऊन तर येऊ.

कऱ्हाडला हे सासूबाईंच्या कायम डाव्या हाताला बसत, म्हणजे उजवा कान त्यांच्याकडे येई. लपलं चार दिवस. एकदा जेवताना त्या वाढत वाढत दुसऱ्या बाजूने आल्या आणि म्हणाल्या, "पोळी वाढू का रे?" हे आपले खाली मान घालून जेवताहेत. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्या परात हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मध्ये पडलास ना?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मागे उभी होते. मला धरणीत शिरावंसं वाटलं. ह्यांनी ऐकलं नव्हतं, पण आईचा चेहरा बघून कळलं असावं. "पडलो," हे म्हणाले.

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ह्यांच्या पानात पोळी वाढली. "बास, आई." आणखी एक वाढली. "बास, बास." तिसरी वाढली, वर तूप ओतलं आणि डोळे पुसत आत गेल्या. आमच्याकडे बास म्हटलं की कुणी थांबत नाही. बास म्हणणाऱ्याला आणखी एक पडतेच, तीच माया. ह्यांनी तिन्ही पोळ्या खाल्ल्या. मग मला म्हणाले, "रजा संपली की परत जायचं. मी पळालो असं व्हायला नको."

परतीच्या प्रवासात मला एकाच गोष्टीची धास्ती होती, जिन्यातल्या त्या दाराची.

आम्ही पोहोचलो आणि दोन दिवसांनी संक्रांत आली. कऱ्हाडहून आणलेले तिळगूळ डब्यात तसेच पडले होते. कुणाला देणार? तिसऱ्या प्रहरी दारावर थाप पडली. मी आधी खिडकीतून पाहिलं, सवयच लागली होती. कमलादी होत्या. हातात नव्या गुळाच्या पायेशचं पातेलं, फडक्यात धरलेलं. पायेश म्हणजे त्यांची तांदळाची खीर.

त्या आत आल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, बिजय आता आखाड्यात जात नाही. बरा आहे, कामावर जातो. पण सकाळी उठला की विचारतो, आज कोणता वार? मी सांगते. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. आपल्या गावच्या पावसाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग स्वतःच वाटी घेऊन पायेश वाढलं आणि ह्यांच्यापुढे ठेवलं. हे खाली बघून खात होते. वाटी संपली. कमलादींनी पळी भरून उचलली.

"आर एकटा?" त्यांनी विचारलं.

आणि म्हणताच त्यांना ते सगळं मैदान ऐकू आलं असणार. मला तर आलंच. पळी वाटीवर तशीच राहिली.

ह्यांनी वाटीवर हात आडवा धरला. "बास," हे म्हणाले.

कमलादी थांबल्या. तिथल्या तिथे. पळीतलं पायेश परत पातेल्यात गेलं. त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "बोउमा, त्या दिवशी मला वाटलं होतं, ह्या शब्दाचा काही अर्थच नाही." मग त्या मटकन खाली बसल्या आणि तेव्हा रडल्या. मीही रडले. हे मात्र काय करावं न सुचून त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

मी तिळगुळाचा डबा उघडला. दुसऱ्या दिवसापासून खालचं दार उघडं असायचं, आणि ते उघडं पाहून गल्लीनेही आमची पाठ सोडली.

ह्यांनी पुढेही पुष्कळ वर्षं लढती केल्या. मी पुष्कळ शर्ट भिजवले. आणि एक सांगते, भीती कधी कमी झाली नाही. प्रत्येक रविवारी ती तशीच ताजी असायची. पुढे उजवा कानही मंदावला. एकदा राउंड संपल्याची घंटा ह्यांना ऐकू आली नाही, तेव्हा घरी येऊन ह्यांनी स्वतःच बो काढून कपाटात ठेवला. रेफरीला घंटा ऐकू यायला हवी, म्हणाले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

कऱ्हाडचे तुम्ही सगळे भेटलात की विचारता, परत कधी येणार? आणि आमच्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुम्हाला तिकडे करमतं कसं? मला दोन्हींची उत्तरं येत नाहीत. कऱ्हाडला गेले की जाऊबाई पानात वाढत सुटतात, आणि मी खरंच चिडते, बास म्हटलं ना! सगळे हसतात, कलकत्तेवाली झाली म्हणतात. इथे आले की कुणीतरी बास म्हटल्यावरही आग्रह करावा असं वाटतं. सासूबाई गेल्या, कमलादीही गेल्या. शिवणयंत्र खाली अजून आहे, बिजयची बायको चालवते. बिजय रोज संध्याकाळी वर येऊन ह्यांच्याजवळ बसतो. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला आठवत नाही. दोघांचं छान जमतं.

संक्रांतीला कमलादींची ती सून पायेश घेऊन येते. वाटी संपली की पळी उचलून ह्यांना विचारते. ह्यांना ऐकू जात नाही, म्हणून मग माझ्याकडे बघते.

"आर एकटा?"

आणि मी तिला पहिल्या दिवशीचंच उत्तर देते, मराठीत.

"एकटे कुठले? मी आहे ना बरोबर."